पिशवीतला हात

नानांनी आधी पिशवी झटकली. टोमॅटोचं एक वाळकं देठ तिच्यातून खाली पडलं. मग ती काळी पिशवी त्यांनी उजव्या हातावर चढवली, मनगटाशी पिळून घट्ट केली, आणि तो हात माझ्या उपरण्याखाली घातला.

"हां, बोल आता," म्हणाले.

बैलबाजार होता. कोरोनानं बंद पडलेला बाजार पहिल्यांदाच भरला होता. लिंबाखाली नेहमीची माणसं गोळा झाली होती. कुणाच्या नाकावर रुमाल होता, कुणाच्या हनुवटीवर. नानांची पिशवी बघून आधी कुणाला कळलंच नाही. कळलं तेव्हा हसू फुटलं.

"नाना, दोन पिशव्या घाला! चायना माल हाय, एकीवर भागायचं न्हाई."

"ग्यारंटी न्हाई बे त्याची. चालला तर चांद तक, न्हाई तर शाम तक."

सगळे हसले. नानाही हसले. मी पण हसलो. ते हसू अजून माझ्या तोंडात कडू होऊन बसलंय.

माहीत नसलेल्यासाठी सांगतो. आमच्याकडं बैलाचा भाव चारचौघांत तोंडानं बोलत नाहीत. दोघांचे हात एका उपरण्याखाली जातात. बोटं धरून आकडा सांगायचा, बोट झटकून नकार द्यायचा, पंजा दाबला की सौदा पक्का. वरून बघणाऱ्याला नुसतं कापड हलताना दिसतं. घेणाऱ्यानं किती सोडले आणि विकणाऱ्याला किती पोचले, ते त्या दोन हातांनाच ठाऊक. दलालाचं पोट त्याच्यावरच चालतं. मी दलाल आहे. हेडी म्हणतात इकडं. त्या कापडाखाली काय काय होतं ते मला सांगायला नको. माझं घर त्याच्यावरच उभं आहे.

त्या दिवशी प्लास्टिकमधून मला नानांची बोटं कळेनात. दोन धरली का तीन, समजेना. पिशवी चुरचुर वाजत होती. आतून त्यांच्या हाताला घाम सुटला होता, तो गरमपणा लागत होता, पण हात लागत नव्हता. मी दोनदा बोट धरून विचारलं. तिसऱ्यांदा सौदा झाला. आष्टीकडचं एक ऊसतोड जोडपं होतं, त्यांना नानांची जोडी मिळाली, ते कासरे धरून निघून गेले. नानांनी पिशवी उलटी करून काढली, हाताला न लावता. पायानं लांब सारली.

वर्षानुवर्षं ह्या माणसाचा हात मी धरत आलो होतो. डोळे बांधून दहा हात पुढं केले असते तरी नानांचा ओळखला असता. करंगळी वाकडी, लहानपणी रहाटात सापडलेली. तळव्याला सालदाराचे घट्टे नाहीत, मालकाचा मऊपणा. अंगठीचा खडा आतल्या बाजूला फिरवून ठेवायची सवय. बायकोचा हातसुद्धा मी इतका धरला नसेल.

आता मी कोण ते सांगतो, म्हणजे पिशवी का ते कळेल.

माझा बाप चीनमधून आला. पाठीवर रेशमी कापडाचं गाठोडं, एका हातात मोजायचा गज, दुसऱ्या हातात मी. निजामाचं राज्य होतं तेव्हा. मी तीन-चार वर्षांचा असेन. आई वाटेतच कुठंतरी गेली, बापानं ते कधी नीट सांगितलं नाही. तो गावोगाव फिरून कापड विकायचा. गेवराई, तलवाडा, अंबाजोगाई, घाटनांदूर. देशमुखांच्या बायका दाराच्या आडून कापडाला हात लावून बघायच्या आणि भाव पाडायच्या. बाप हसत हसत अर्ध्यावर यायचा, आणि त्यातही कमवायचा. घासाघीस मी तिथं शिकलो. मला चिनी बोलता येत नाही. बापाच्या चार शिव्या तेवढ्या येतात, त्याही बैलांवर खर्च होतात.

मग चीनशी लढाई झाली. हुकूम आला की परवानगीशिवाय गाव सोडायचं नाही, हजेरी द्यायची. गाव सोडल्याशिवाय फेरीवाल्यानं काय विकायचं? बापानं गाठोडं उतरवलं ते परत उचललं नाही. ह्याच गावात भिंतीला टेकून बसला. पोरं दगड मारायची, तो दगड गोळा करून एका कोपऱ्यात ढीग लावायचा. बोलणं हळूहळू बंदच केलं त्यानं. मेला तेव्हा खांदा द्यायला चौघं जमवायला मला दुपार झाली. चौथे नानांचे वडील होते. गावचे मोठे शेतकरी. बाजार भरतो ती पड जमीनही त्यांचीच. त्यांनी आम्हाला गोठ्याशेजारी एक खोली दिली होती. त्या खोलीचं भाडं मी आणि बापानं शेण काढून फेडलं, पण गावात अजून बोलतात ते एवढंच, की त्यांनी चिन्याला ठेवून घेतलं.

मी बैलांत गेलो. माणसं माझ्या डोळ्यांकडं बघून हसायची, बैल हसत नव्हते. दात बघून वय, खांदा बघून ताकद, भोवरा बघून नशीब. एका म्हाताऱ्या हेड्याच्या मागं फिरून हाताची बोली शिकलो. पहिल्यांदा एका अनोळखी माणसानं उपरण्याखाली माझा हात धरला तेव्हा मला रडू येत होतं. लाज वाटायची सांगायला. त्या कापडाखाली तोंड दिसत नाही, डोळे दिसत नाहीत. नुसता हात असतो. तिथं मी कुणाचा कोण हे विचारलं जात नाही. तिथं मी फक्त भाव होतो, आणि पक्का भाव होतो.

लग्न केलं ते इथल्याच बाईशी. नवऱ्यानं टाकलेली होती, तिच्या माणसांनी माझ्याकडं बघितलं आणि सुटलो म्हणाले. चांगली होती. कोरोनाच्या आधीच गेली. लेक पुण्यात असते. रोज फोन करते.

"बाबा, इकडं या. एकटे काय करता तिथं?"

"तिकडं येऊन काय करू? गॅलरीत बसू?"

"निदान माणसं तरी दिसतील."

"दिसतील की. लांबून."

ती चिडते. मी पण चिडतो. फोन ठेवल्यावर कळतं, आज दिवसभरात एवढंच बोललो.

बाजार हाच माझा एक दिवस होता आठवड्यात. लिंबाखाली आम्ही सात-आठ म्हातारे. नाना, मोसंबीवाले गफ्फारभाई, बाकीचे हेडी. सौदे कमी, चहा आणि शिव्या जास्त. कुणाच्या सुनेनं काय केलं, कुणाचं पोट साफ होत नाही. माणसाला माणूस म्हणून जे काही लागतं ते तिथं मला मिळायचं. आणि सौदा झाला की हात.

मी म्हटलं, रोगराई आहे, जाईल. भीती माणसाला असतेच. रोग गेला. नाकावरचे रुमाल गेले. नानांनी दुसऱ्या हेड्यांचे हात धरायला सुरुवात केली, उघड्या हातानं. माझी पाळी आली की पिशवी. गंमत म्हणून म्हणे. मग बाकीच्यांनीही तेच धरलं. नवीन गिऱ्हाईक आलं की त्याला आधीच सांगायचे, "त्या चिन्याशी सौदा करायचा तर पिशवी घ्या, तिथं टांगलीय." लिंबाच्या खोडाला एक खिळा ठोकला होता. त्याच्यावर पिशवी. पावसानं ती फाटली की दुसरी. ती बदलायचं कुणी सांगत नव्हतं, पण बदलली जायची.

मग जनावरांना लंपी आला. गाठी उठल्या, चांगल्या चांगल्या जोड्या गेल्या. बाजार पुन्हा बंद. उघडला त्या दिवशी मी लिंबाखाली पोचतोय तोवर एक जण ओरडला, "का बे चिन्या, हे बी तुज्याच देशातून आलं का?"

माझी एक देवणी गाय त्या रोगानं मेली होती. घरची. बायकोनं वाढवलेली. मी त्याला शिवी दिली, बापाकडची, चिनी. त्याला कळली नाही, पण जोर कळला. तो अंगावर आला. गफ्फारभाईंनी मला मागं ओढलं.

"जाने दे ना यार. मेरे को क्या कम बोले? मेरे मोसंबी को हात नहीं लगाते थे लोगां. चुप बैठने का. अपने को यहींच धंदा करना है."

गफ्फारभाईंचं खरं होतं. त्यांच्या गाड्यावरही लोक काही महिने फिरकले नव्हते. ते गप्प बसले आणि गिऱ्हाईक परत आलं. मीही गप्प बसलो. माझं गिऱ्हाईक परत आलं, पण पिशवीसकट.

घरी आल्यावर मी माझा उजवा हात बघत बसायचो. डाव्या हातानं तो दाबायचो. आपलाच हात आपल्याला धरता येतो, पण ते काही धरणं नव्हे. जेवण कमी झालं. झोप तुटक. बैलाची शेपटी धरून उभं राहायचं आणि तिथंच विसरायचं, कशाला आलो. एकदा मी घराच्या भिंतीला टेकून बसलेला होतो आणि एकदम बाप आठवला. तसाच बसलो होतो. पाय तसेच. त्या दिवशी भीती वाटली.

समाजमंदिरात कार्यक्रम ठेवला होता. शहरातल्या एका संस्थेची माणसं आली होती, म्हाताऱ्यांच्या मनाची काळजी घ्यायची म्हणून. फळ्यावर लिहिलं होतं, आनंदी वार्धक्य. एक मॅडम होत्या, वयानं माझ्या लेकीएवढ्या, आवाज गोड. बिस्किटं होती, चहा होता. नानांचा मुलगा पंचायतीत आहे, त्यानंच बोलावलं होतं, म्हणून नाना पुढच्या खुर्चीत. मी गेलो ते मला झोप लागावी म्हणून. खोटं सांगत नाही. मला वाटलं, असेल काहीतरी औषध.

मॅडमनी विचारलं, "आजोबा, तुम्हाला शेवटची मिठी कुणी मारली, आठवतं का?"

मागून एक म्हातारा म्हणाला, "मॅडम, आमच्या म्हातारीनं लग्नात बी न्हाई मारली. आता कावून मारंल?"

समाजमंदिर हसून हसून हललं. मॅडमही हसल्या. मग म्हणाल्या, स्पर्श हे औषध आहे. एकटेपणा हा आजार आहे आणि त्याला गोळी नाही, माणूस आहे. मला ते इतकं पटलं की मी मान हलवत राहिलो. कुणीतरी माझंच बोलत होतं.

"आता सगळे उभे राहा. गोल करा. शेजाऱ्याचा हात हातात घ्या. डोळे मिटा."

माझ्या डावीकडं गफ्फारभाई. उजवीकडं नाना. कसे आले कोण जाणे. गर्दीत तसं झालं. मी हात पुढं केला. मला वाटलं, इथं उपरणं नाही, सौदा नाही, पिशवी नाही. इथं धरतील.

नानांनी खिशातून दस्ती काढली. पांढरा हातरुमाल, इस्त्रीचा. हातावर नीट पसरली, चारी टोकं सारखी केली. आणि तो झाकलेला हात माझ्यापुढं धरला. तोंडावर तेच बाजारातलं हसू. आजूबाजूचे खाली बघून खुसखुसू लागले. कुणीतरी हळूच म्हणालं, "पिशवी इसरली वाटतं."

मॅडमनी बघितलं. त्यांना कळलं नाही. का कळलं आणि पुढं जायचं होतं. म्हणाल्या, "चालेल, चालेल. ज्याला जसं बरं वाटेल तसं."

ज्याला जसं बरं वाटेल तसं. हे ऐकलं आणि माझ्या डोक्यात काहीतरी तुटलं. सगळ्यांना बरं वाटावं म्हणून ती दस्ती. सगळ्यांना बरं वाटावं म्हणून तो खिळा. मला काय वाटतं हे ह्या गावात एकदाही कुणी विचारलं नव्हतं, आणि विचारायला मुद्दाम आलेली बाईसुद्धा ते विचारत नव्हती.

मी हात मागं घेतला.

"नाना, दस्ती खिशात घाला."

"अरं, गंमत हाय. धर की."

"उघडा हात द्या, न्हाईतर ऱ्हाऊ द्या."

आवाज चढला होता माझा. गोल थांबला. नानांचं हसू गेलं. चारचौघांत, मुलाच्या कार्यक्रमात, त्यांना असं कुणी बोललेलं नव्हतं.

"चिन्या, जास्ती बोलू नगंस. आमच्या बापानं ठिवून घेतलं म्हणून हायस तू हितं."

"ठिवून घेत्यात ते जनावर, नाना. माणूस ऱ्हातो. मी हितं ऱ्हायलोय. तुमच्या गोठ्यातलं शेण काढून, तुमचे बैल इकून. तुमी मला ठिवलं न्हाई."

मॅडम मधे आल्या. "आजोबा, शांत व्हा. दीर्घ श्वास घ्या."

"तुमीच घ्या," मी म्हटलं, आणि बाहेर आलो. आतून कुणी मागं आलं नाही. गफ्फारभाईंनी दारापर्यंत बघितलं फक्त. थोड्या वेळानं आतून गाणं सुरू झालं, टाळ्यांच्या तालावर.

दोन दिवस मी विचार केला. भांडण होऊन गेलं, ठीक. पण मी पुन्हा लिंबाखाली जाईन, पुन्हा उपरणं पसरीन, आणि पुन्हा पिशवी येईल. हात हवा म्हणून मी किती वर्षं वाट बघितली. भाव मला ठरवता येतो म्हणून मी मोठा शहाणा. आणि इथं समोरचा माणूस भाव ठरवत होता, मी नुसता खाली उतरत होतो. उघडा हात नाही, तर पिशवी. पिशवी नाही, तर दस्ती. बापासारखा हसत हसत अर्ध्यावर आलो, आणि तिथूनही खाली. सौदा मोडायला मी विसरलोच होतो.

बाजाराच्या दिवशी मी उपरणं घरी ठेवलं. मोकळ्या खांद्यानं गेलो. माझ्याकडं घाटनांदूरच्या एका शेतकऱ्याची जोडी विकायला होती. त्याला मी आधीच सगळं सांगितलं होतं, तो हो म्हणाला, कारण त्याला घाई होती. मी लिंबाखाली उभा राहिलो आणि मोठ्यानं ओरडलो. जोडीचा भाव. विकणाऱ्याला किती हवेत ते, आणि माझी दलाली किती ती. सगळ्यांच्या देखत.

एक हेडी धावत आला.

"येडा झालास का बे? आमच्या पोटावर पाय देतो व्हय?"

"तुमी पिशवीत हात घाला. मी तोंडानं बोलतो."

नाना लांब चहाच्या हातगाडीजवळ उभे होते. बघत होते. त्यांना बोलायची गरज पण पडली नाही.

गिऱ्हाईक आलं. नवराबायको, कारखान्यावर निघालेली. जोडी त्यांना आवडली. बाईनं बैलाच्या पाठीवरून हात फिरवला, नवऱ्यानं तोंड उघडून दात बघितले. मी भाव सांगितला, परत, मोठ्यानं. वाजवी भाव होता. कापडाखालच्या भावापेक्षा कमी. नवऱ्यानं बायकोकडं बघितलं. ती त्याच्या कानाशी बोलली, पण मला ऐकू आलं.

"एवढ्या मोठ्यानं सांगतोय म्हणजी बैलात खोट हाय. चला."

गेली. आणि पलीकडच्या हेड्याच्या कापडाखाली हात घालून जास्तीचा भाव देऊन एक थकलेली जोडी घेऊन गेली. मी बघत उभा होतो. त्यांची चूक नाही. ज्यांना आयुष्यभर झाकून सांगितलं, त्यांना उघडं बोलणं फसवणूक वाटतं. घाटनांदूरच्या शेतकऱ्यानं दुपारी माझ्याकडून कासरा काढून घेतला. "काका, माफ करा, पण मला आज इकायचंच हाय," म्हणाला, आणि त्याच कापडाकडं गेला.

संध्याकाळी लिंबाखाली कुणी माझ्याजवळ बसलं नाही. गफ्फारभाई गाडा आवरून वळसा घालून गेले. त्यांची सलामाची सवय अर्ध्यात थांबली, हात छातीपर्यंत आला आणि खाली गेला.

लेकीला फोनवर सांगितलं. ती रडली. म्हणाली, आता तरी या. मी नाही म्हटलं. पुण्यात मला कुणी हाकललेलं नाही, आणि कुणी ओळखतही नाही. इथं मला ओळखतात. ओळखून हाकलतात. ज्यांनी हाकललं त्यांच्या डोळ्यांसमोर उभं राहायला इथंच राहायला पाहिजे.

त्यानंतरचे बाजार तसेच गेले. एक सौदा झाला, तोही एका मुक्या माणसाचा, त्यानं बोटं वर करून भाव मान्य केला. बाकी कुणी नाही. मी म्हातारा आहे. माझ्या घरात आता बोलायला कुणी नाही आणि हात धरायला कुणी येणार नाही, हे मला पक्कं कळलंय. त्याचं दुःख आहे. ते मी लपवत नाही, आणि ते कमी होईल असं मला वाटतही नाही.

पण ह्या बाजारात मी येणार. आठवड्याच्या आठवड्याला. उभा राहणार आणि भाव ओरडून सांगणार, विकणाऱ्याचा, घेणाऱ्याचा आणि माझा. कुणी घेतलं तर घेतलं. पिशवीचा तो खिळा खोडात आहे तोवर मी त्याच्या खालीच उभा राहणार. आणि मेल्यावर मला खांदा द्यायला झाकलेले हात येणार असतील, तर लेकीला मी आत्ताच सांगून ठेवलंय: ट्रॅक्टर भाड्यानं आण, पण त्यांना हात लावू देऊ नकोस.